एपिका: मोठ्या हिटशिवाय वर आलेला डच बँड

२००२ साली मार्क यान्सनला स्वतःच उभ्या केलेल्या बँडमधून बाहेर पडावं लागलं. त्या बँडचं नाव आफ्टर फॉरेव्हर. नेदरलँड्सच्या दक्षिणेकडच्या लिंबुर्ग प्रांतात, रूव्हर या छोट्या गावात, यान्सन आणि सँडर गोमन्स यांनी १९९५ मध्ये तो सुरू केला होता. १९९७ मध्ये सोळा वर्षांची फ्लोर यान्सन गायिका म्हणून आली (आडनाव एक असलं तरी दोघांचं नातं नाही). २००० चा 'प्रिझन ऑफ डिझायर' आणि २००१ चा 'डिसायफर' या दोन अल्बमांमुळे युरोपातल्या मेटल श्रोत्यांत त्यांचं नाव झालं. मग संगीत कुठल्या दिशेने न्यायचं यावरून मतभेद झाले. मार्क यान्सनला समूहगान, लांबलचक रचना, सिंफनीचं अंग हवं होतं. बाकीच्यांना संगीत अधिक थेट हवं होतं. यान्सन तेव्हा २३ वर्षांचा होता.

बाहेर पडताना त्याने एक गोष्ट बरोबर नेली. 'द एम्ब्रेस दॅट स्मदर्स' ही त्याची गीतमालिका 'प्रिझन ऑफ डिझायर'वर सुरू झाली होती. संघटित धर्म माणसाला जवळ घेता घेता त्याचा श्वास कसा कोंडतो, हा तिचा विषय. मालिका अर्धवट होती. बँड बदलला तरी ती सोडायची नाही असं त्याने ठरवलं आणि पुढचे भाग नव्या बँडच्या, म्हणजे एपिकाच्या, पहिल्या अल्बमवर आले. एपिकाच्या वाटचालीत मला सर्वात महत्त्वाचा वाटतो तो हा स्वभाव. काम लांबलं, माणसं बदलली, कंपनी बदलली, तरी हातातलं काम पुरं करायचं.

या बँडकडे प्रकरण म्हणून पाहावंसं वाटण्याचं कारण साधं आहे. त्यांच्या नावावर देशभर गाजलेलं असं एकही रेडिओ-गाणं नाही. पहिली रेकॉर्ड कंपनी टिकली नाही. पहिल्या दहा वर्षांत ड्रमर, गिटारवादक आणि बेसवादक, तिघेही सोडून गेले. गायिका गंभीर आजारी पडली. तरीही वीस वर्षांनंतर हा बँड जगातल्या पहिल्या फळीतल्या सिंफनिक मेटल (जड गिटारच्या मेटल संगीताला वाद्यवृंद आणि समूहगानाची जोड) बँडांमध्ये आहे. याचं श्रेय बहुतेक लोक एका लाल केसांच्या गायिकेच्या ऑपेरा-आवाजाला देऊन मोकळे होतात. तो आवाज नसता तर एपिका नसता, हे खरंच आहे. पण त्या आवाजाने दार उघडलं. आत गेल्यावर जे घडलं त्याची कारणं वेगळी आहेत.

त्या वेळचं नेदरलँड्स

एपिका मोकळ्या मैदानात जन्माला आला नाही. नॉर्वेच्या थिएटर ऑफ ट्रॅजेडीने १९९५ च्या सुमारास एक जोडी रूढ केली होती: पुरुषाचा घोगरा, गुरगुरणारा आवाज आणि त्याच्यासमोर स्त्रीचा स्वच्छ, उंच सूर. त्याच वर्षी डच बँड द गॅदरिंगने अनेके फान गिर्सबर्खनला घेऊन 'मँडिलियन' काढला आणि मेटलमध्ये स्त्रीचा आवाज पाहुणा नसून मालक असू शकतो हे दाखवलं. स्वीडनच्या थेरियनने १९९६ च्या 'थेली'मध्ये पूर्ण समूहगान आणलं. फिनलंडच्या नाइटविशमध्ये तार्या तुरुनेन थेट शास्त्रीय ऑपेरा शैलीत गाऊ लागली. डच मुलखात विदिन टेम्प्टेशनने 'आइस क्वीन' या गाण्यावर रेडिओ जिंकला.

याला आणखी एक आधार होता, ज्याबद्दल फार कमी लिहिलं जातं. नेदरलँड्समध्ये जवळजवळ प्रत्येक मध्यम शहरात एक 'पॉपपोडियम' असतं, म्हणजे नगरपालिकेच्या मदतीवर चालणारं, चांगली ध्वनियंत्रणा असलेलं संगीतगृह. टिलबुर्गचं ०१३ हे १९९८ मध्ये सुरू झालं. ॲमस्टरडॅमचं पॅराडिसो एका जुन्या चर्चच्या इमारतीत १९६८ पासून चालू आहे. देश छोटा असल्याने तीन तासांच्या अंतरात असे डझनावारी मंच सापडतात. नव्या बँडला घरी झोपून, पेट्रोलच्या खर्चात, चांगल्या मंचावर गाता येतं. आपल्याकडे पुण्या-मुंबईतल्या मेटल बँडांना मंच शोधण्यातच अर्धी ताकद घालवावी लागते, हे ज्यांनी पाहिलं आहे त्यांना या सोयीचं मोल वेगळं सांगायला नको.

म्हणजे श्रोता तयार होता, मंच तयार होते, पण स्पर्धाही तयार होती. 'ऑपेरा गाणारी बाई आणि गिटार' एवढ्यावर २००२ मध्ये कोणी वळून पाहिलं नसतं.

सहारा डस्ट आणि सतरा वर्षांची मुलगी

नव्या बँडचं पहिलं नाव सहारा डस्ट होतं. गायिका म्हणून नॉर्वेची हेलेना इरेन मिकेल्सन आली होती. ते फार टिकलं नाही. तिच्या जागी सिमोन सिमन्स आली. जन्म जानेवारी १९८५, गाव लिंबुर्गमधलंच हून्सब्रूक. लहानपणी ती बासरी शिकली, मग पॉप गाण्याचे धडे घेतले. पंधराव्या वर्षी नाइटविशचा 'ओशनबॉर्न' ऐकला आणि शास्त्रीय गायन शिकायला लागली. म्हणजे ती ऑपेरातून मेटलमध्ये आलेली नाही. मेटल ऐकून ऑपेराकडे वळलेली आहे. तार्या तुरुनेनचा प्रवास उलटा होता. हा फरक पुढे फार कामाला आला. सिमन्ससाठी शास्त्रीय गळा हे एक हत्यार होतं. इतर हत्यारं उचलायला तिला संकोच वाटला नाही.

त्या वेळी ती मार्क यान्सनची मैत्रीण होती. पुढे ते नातं संपलं, बँड मात्र संपला नाही. घरगुती नात्यांवर उभे राहिलेले किती बँड त्या नात्यांबरोबरच बुडाले हे आठवलं, की या दोघांच्या समजूतदारपणाला दाद द्यावीशी वाटते.

'क्राय फॉर द मून' हा डेमो २००२ मध्ये तयार झाला आणि त्यावर ट्रान्समिशन रेकॉर्ड्स या डच कंपनीचा करार मिळाला. गाण्याचा विषय कॅथलिक धर्मगुरूंकडून मुलांवर झालेले लैंगिक अत्याचार. लिंबुर्ग हा परंपरेने कॅथलिक प्रांत आहे. तिथली दोन तरुण माणसं २००२-०३ मध्ये हे गातात, आणि नेदरलँड्समध्ये या अत्याचारांची अधिकृत चौकशी करणाऱ्या डेटमन आयोगाचा अहवाल येतो डिसेंबर २०११ मध्ये. सिंफनिक मेटल म्हणजे ड्रॅगन, राजकन्या आणि धुकं, असा समज असणाऱ्यांनी हा कालक्रम लक्षात घ्यावा. एपिकाच्या पहिल्या अल्बमवर न्यूयॉर्कच्या ११ सप्टेंबरच्या हल्ल्यानंतरच्या जगावरचं गाणं आहे आणि धर्माच्या नावाने उचललेल्या तलवारीवरचंही आहे. श्रोता आवाजासाठी यायचा. पुष्कळांना थांबवलं ते या शब्दांनी.

बँडला एपिका हे नाव मिळालं ते अमेरिकी बँड कॅमलॉटच्या २००३ च्या अल्बमवरून. निर्माता साशा पेथ दोघांनाही समान होता. जर्मनीतल्या वोल्फ्सबुर्ग इथल्या त्याच्या गेट स्टुडिओत 'द फँटम ॲगनी' ध्वनिमुद्रित झाला आणि जून २००३ मध्ये बाजारात आला. यान्सनबरोबर गिटारवर आद स्लाउटर, बेसवर ईव्ह ह्यूत्स, कीबोर्डवर कून यान्सन आणि ड्रम्सवर येरून सिमन्स. इथेही आडनावं जुळतात, नाती नाहीत.

आवाजाचं गणित

ऑपेराचा गळा आणि मेटलची गिटार एकत्र आणणं वाटतं तितकं सोपं नाही, म्हणून इथे थोडं थांबतो.

ऑपेरातला गायक मायक्रोफोनशिवाय साठ-सत्तर वादकांच्या वर ऐकू येतो. आपल्या संगीत नाटकांच्या जमान्यात, लाउडस्पीकर येण्याआधी, शेवटच्या रांगेपर्यंत पद पोचवणाऱ्या नटांना हेच करावं लागायचं, फक्त त्यांच्यासमोर इतका मोठा वाद्यवृंद नव्हता. ऑपेराच्या गायकाला हे जमतं ते नुसत्या जोरामुळे नाही. घसा आणि तोंडाची पोकळी एका विशिष्ट पद्धतीने आकारून तो आपल्या आवाजाची ऊर्जा सुमारे ३००० हर्ट्‌झच्या आसपास गोळा करतो. वाद्यवृंदाची ताकद त्या पट्ट्यात कमी असते आणि माणसाचा कान तिथे जास्त तीक्ष्ण असतो, म्हणून एकटा गळा सत्तर वाद्यांवर तरंगतो. पुरुषांच्या आणि स्त्रियांच्या खालच्या पट्टीतल्या आवाजात ही युक्ती जास्त स्पष्ट दिसते.

मेटलमध्ये अडचण इथेच येते. डिस्टॉर्शन लावलेली, म्हणजे आवाज मुद्दाम खरखरीत केलेली, गिटार मधला पट्टा तर भरतेच, पण वरचे उपस्वर इतके पसरवते की ही मोकळी जागाही शिल्लक राहत नाही. झांजा उरलेलं व्यापतात. त्यात पन्नास पदरी समूहगान टाकलं की गायिका बुडते. म्हणून ज्या बँडांनी नुसता मोठा आवाज शोधला त्यांचे अल्बम गढूळ झाले. इथे आवाजाला वाट काढून द्यावी लागते: गायिका येते तिथे गिटारने साधे, लांब स्वर धरायचे, गिटारचा वेगवान हल्ला असेल तिथे गाणं समूहाकडे किंवा गुरगुरणाऱ्या पुरुषाकडे सोपवायचं.

एपिकाने ही वाटणी फार लवकर ओळखली. सिमोन सिमन्सचा आवाज मेझो-सोप्रानो आहे, म्हणजे उंच सोप्रानोपेक्षा खालचा, उबदार. मार्क यान्सनचे ग्रंट्स, म्हणजे ती गुरगुर, ठरावीक सूर धरत नाहीत. त्यामुळे ते कुठल्याही स्वरसंगतीशी भांडत नाहीत, तालवाद्यासारखे बसतात. तिसरा घटक समूहगान, बहुतेक वेळा लॅटिनमध्ये. या तिघांत गाणं फिरत राहतं. 'क्राय फॉर द मून' लक्ष देऊन ऐकलं तर कळतं की तिघं एकाच वेळी पूर्ण ताकदीने फार कमी जागी येतात. जिथे येतात तिथे अंगावर काटा येतो, कारण तोपर्यंत ते राखून ठेवलेलं असतं.

दुसरी गोष्ट वयाची. 'द फँटम ॲगनी' मुद्रित होताना सिमन्स जेमतेम अठरा वर्षांची होती. मेझो आवाज तिशीच्या आसपास पिकतो असं ऑपेराचे शिक्षक मानतात. पहिल्या अल्बमवर तिचा सूर सुंदर आहे पण एकाच रंगाचा, सगळीकडे ऑपेराचा. २००५ च्या 'कन्साइन टु ऑब्लिव्हियन'वर ती हळुवार, जवळजवळ बोलल्यासारखं गाऊ लागली. पुढच्या दहा वर्षांत छातीतून काढलेला रॉकचा आवाज आला आणि २०१४ च्या 'द क्वांटम एनिग्मा'पर्यंत ती एकाच कडव्यात तीन प्रकारे गाऊ लागली. काही जुने चाहते 'ऑपेरा कमी झाला' म्हणून हळहळतात. मला ती वाढ वाटते. सतराव्या वर्षी ज्या साच्यात उभं केलं त्यातच एखाद्या गायिकेला जन्मभर उभं ठेवणं हा अन्याय आहे, आणि एपिकाने तो केला नाही. गाणी तिच्या बदलत्या गळ्यानुसार लिहिली गेली.

आठ तंतुवाद्यं, सहा गळे

पहिल्या अल्बमचा तो भव्य समूह प्रत्यक्षात किती जणांचा होता? दोन पुरुष आणि चार स्त्रिया. तंतुवाद्यांत तीन व्हायोलिन, दोन व्हियोला, दोन चेलो, एक डबल बेस. बस्स. छोट्या कंपनीच्या पैशात एवढंच बसत होतं. पण ते खरे वादक होते, खरे गळे होते. त्या काळात बहुतेक बँड हे सगळं कीबोर्डच्या एका बटणावर भागवायचे. सहा गळे थरावर थर देऊन मोठे करता येतात. कीबोर्डमधला नकली समूह कितीही थरांनी खरा होत नाही, कारण त्यात श्वास नसतो, शब्द नसतो. एपिकाने जे परवडेल तेवढंच घेतलं पण अस्सल घेतलं. पुढची वीस वर्षं ते हेच करत राहिले, फक्त आकडा वाढत गेला.

कंपनी बदलली, आणि एक धाडसी निर्णय

'कन्साइन टु ऑब्लिव्हियन' माया संस्कृतीच्या विचारांवर आधारलेला, तुलनेने मऊ अल्बम होता. ग्रंट्स कमी, चाली सोप्या. कॅमलॉटचा रॉय खान एका गाण्यात पाहुणा म्हणून आला आणि सिमन्स कॅमलॉटच्या 'द ब्लॅक हेलो'वर गायली, त्यामुळे त्या बँडचा श्रोता इकडे वळला. त्याच वर्षी 'जॉयराइड' या डच चित्रपटासाठी त्यांनी केलेलं संगीत 'द स्कोअर' नावाने आलं. त्यात गिटार नाही, गाणंही जवळजवळ नाही, बहुतेक सगळा वाद्यवृंदासाठी लिहिण्याचा सराव. विक्रीच्या दृष्टीने हा अल्बम गौण. माझ्या मते कून यान्सन आणि मंडळी वाद्यवृंदासाठी लिहायला खऱ्या अर्थाने इथे शिकली.

ट्रान्समिशन रेकॉर्ड्स आर्थिक अडचणीत सापडली आणि बँड जर्मनीच्या न्यूक्लिअर ब्लास्टकडे गेला. मेटलच्या जगात ही मोठी पेढी. नवी, मोठी कंपनी मिळाली की बँड सहसा मऊ होतात, चार मिनिटांची गाणी करतात, रेडिओकडे बघतात. एपिकाने सप्टेंबर २००७ मध्ये दिला 'द डिव्हाइन कॉन्स्पिरसी': सुमारे ७५ मिनिटांचा, आधीपेक्षा जास्त आक्रमक, शीर्षकगीत जवळजवळ १४ मिनिटांचं. कल्पना अशी की ईश्वराने मुद्दामच अनेक धर्म निर्माण केले, माणसाला त्यामागचं एकच सत्य सापडतं का हे पाहायला. आणि याच अल्बमवर 'द एम्ब्रेस दॅट स्मदर्स' ही मालिका पूर्ण झाली. एका बँडमध्ये सुरू केलेलं काम दुसऱ्या बँडच्या तिसऱ्या गीत-अल्बमवर संपलं.

व्यापाराच्या नजरेने हा निर्णय वेडा वाटेल. पण हिशेब नीट मांडला तर उलट दिसतो. रेडिओच्या रांगेत विदिन टेम्प्टेशन त्यांच्या कितीतरी पुढे होता. तिथे एपिका कायम दुसरा, तिसरा राहिला असता. लांब, जड, गुंतागुंतीच्या संगीताची भूक असलेला श्रोता मात्र जगभर पसरलेला होता. तो एका देशात थोडा, पण पन्नास देशांत मिळून पुष्कळ. मेक्सिको, ब्राझील, अर्जेंटिना, चिली या देशांत एपिकाला जे प्रेम मिळालं ते मायदेशाच्या तोडीचं आहे. असा श्रोता एका गाण्यासाठी येत नाही आणि एका गाण्यानंतर जातही नाही. त्याच्यापर्यंत पोचायला दौरे लागतात आणि दूरवर माल पोचवणारी कंपनी लागते. न्यूक्लिअर ब्लास्टने ते दिलं. २०१८ मध्ये टिलबुर्गच्या ०१३ मध्ये एपिकाने आपला हजारावा कार्यक्रम केला. सोळा वर्षांत हजार. या एका आकड्यात त्यांच्या यशाचा मोठा भाग आहे.

२००८

एखाद्या बँडची पारख करायला एकच वर्ष निवडायचं असेल तर मी एपिकाचं २००८ निवडीन.

ड्रमर येरून सिमन्स आधीच गेला होता. गॉड डिथ्रोन्ड या डेथ मेटल बँडचा आरियन फान वेसेनबेक 'द डिव्हाइन कॉन्स्पिरसी'साठी वाजवून गेला आणि २००७ च्या अखेरीस कायमचा आला. वर्षाच्या सुरुवातीलाच सिमोन सिमन्सला एमआरएसए या जिवाणूचा संसर्ग झाला. नेहमीची प्रतिजैविकं या जिवाणूवर चालत नाहीत; प्रकरण जिवावर बेतू शकतं. अमेरिकेचा दौरा समोर होता. तिच्या जागी अमांडा सोमरव्हिल उभी राहिली. ही अमेरिकी गायिका एपिकाच्या अल्बमांवर पार्श्वगायन करणारी आणि सिमन्सला गायनात मार्गदर्शन करणारी. जिची गाणी तिने घडवायला मदत केली होती तीच आता स्वतः गायची, तेही दुसऱ्या कुणाला पाहायला तिकीट काढून आलेल्या लोकांसमोर.

इथे एक तुलना टाळता येत नाही. २००५ च्या ऑक्टोबरमध्ये हेलसिंकीतल्या कार्यक्रमानंतर नाइटविशने तार्या तुरुनेनला खुलं पत्र देऊन काढून टाकलं होतं. त्या घटनेने या सगळ्या प्रकारच्या संगीतावर सावली धरली होती. गायिका म्हणजे बदलता येणारा सुटा भाग अशी समजूत पसरत होती. एपिकाकडे २००८ मध्ये बदलीची गायिका तयार होती, सगळी गाणी पाठ असलेली. त्यांनी तिच्याकडून दौरा निभावून घेतला आणि सिमन्सची वाट पाहिली. सोमरव्हिलनेही ती जागा उसनी आहे हे जाणून सांभाळली.

१४ जून २००८ रोजी सिमन्स हंगेरीतल्या मिश्कोल्त्स शहराच्या आंतरराष्ट्रीय ऑपेरा महोत्सवात उभी होती. ४० वादकांचा वाद्यवृंद, ३० जणांचा गायकवृंद आणि एपिका. ऑपेरा महोत्सवाने मेटल बँडला बोलावणं हेच विशेष, पण बँडने जे केलं ते त्याहून विशेष. पहिल्या भागात त्यांनी स्वतःची गाणी बाजूला ठेवली. व्हेर्दीच्या रेक्विएममधलं 'दिएस इरे', विवाल्दी, ग्रीग, प्रोकोफिएव्ह, ड्वोर्झाकच्या सिंफनीतला अंश, मधेच 'स्टार वॉर्स'चं 'इम्पीरियल मार्च'. सिमन्सने हँडेलचं 'ओम्ब्रा माय फू' गायलं आणि पेर्गोलेझीच्या 'स्टाबात माटेर'ची सुरुवात गायली. काही महिन्यांपूर्वी रुग्णशय्येवर असलेली तेवीस वर्षांची गायिका, ऑपेराच्या कानसेनांसमोर, ऑपेराच्याच घरात. दुसऱ्या भागात त्यांची गाणी आली.

ते ध्वनिमुद्रण २००९ मध्ये 'द क्लासिकल कॉन्स्पिरसी' नावाने निघालं. शास्त्रीय समीक्षकाने ऐकलं तर तो उणिवा काढील, आणि त्या आहेत. 'ओम्ब्रा माय फू' अनुभवी मेझोने गायलेलं ऐकल्यावर सिमन्सचं कोवळं वाटतं. पण त्या रात्री बँडला एक गोष्ट स्वतःच्या कानांनी कळली: वादक समोर बसलेले असताना आपली रचना कुठे टिकते आणि कुठे पोकळ वाटते. ऑक्टोबर २००९ चा 'डिझाइन युअर युनिव्हर्स' ऐकताना हे शिकणं जागोजागी दिसतं. अल्बमची सुरुवात 'समाधी' नावाच्या वाद्यसंगीताने होते आणि तेरा मिनिटांहून लांब 'किंगडम ऑफ हेवन'मध्ये मृत्यूच्या उंबरठ्यावरून परतलेल्यांचे अनुभव आहेत. वाद्यवृंद इथे सजावट राहत नाही. गिटार ज्या जागी थांबते तिथून तो पुढे विचार करतो. माझ्यासाठी हा त्यांचा सर्वोत्तम अल्बम. मधल्या काळात आद स्लाउटर गेला होता आणि गॉड डिथ्रोन्डमधूनच आयझॅक देलाहे आला होता. त्याच्या सोलोंनी गिटारला पहिल्यांदा स्वतंत्र चेहरा दिला.

आयंडहोव्हन, मार्च २०१३

२०१२ च्या 'रेक्विएम फॉर द इंडिफरंट'वर फार लिहावंसं वाटत नाही; चांगल्या जागा आहेत, पण बँड थकल्यासारखा वाटतो. त्यानंतर ईव्ह ह्यूत्स गेला आणि रॉब फान डर लो आला.

२३ मार्च २०१३ रोजी दहा वर्षं साजरी करायला त्यांनी आयंडहोव्हनचं क्लोकखेबाऊ, म्हणजे 'घड्याळाची इमारत', निवडलं. ही फिलिप्स कंपनीच्या जुन्या कारखान्याची इमारत. चिप आणि सॉफ्टवेअरच्या कामामुळे आज आयंडहोव्हन परिसरात मराठी कुटुंबंही आहेत, आणि त्यांतले पुष्कळ जण या घड्याळाच्या मनोऱ्याखालून रोज जात असतील. त्या रात्री मिश्कोल्त्सचेच वादक आणि गायक आणले होते, मिळून सुमारे ७० जण. पाच वर्षांपूर्वी ज्यांच्या घरी जाऊन गायलं त्यांना आपल्या घरी बोलावलं. बँड सोडून गेलेले स्लाउटर, ह्यूत्स आणि येरून सिमन्स तिघंही 'क्वायटस' वाजवायला मंचावर आले. आणि फ्लोर यान्सन आली. ज्या बँडमधून मार्क यान्सनला २००२ मध्ये जावं लागलं त्याच बँडची गायिका, आता नाइटविशबरोबर गाणारी. तिने आणि सिमन्सने मिळून पेर्गोलेझीचं 'स्टाबात माटेर' गायलं. 'रेट्रोस्पेक्ट' या ध्वनिचित्रमुद्रणात ते आहे. दोन आवाजांतला फरक ऐकण्यासारखा: फ्लोरचा धारदार आणि भरदार, सिमन्सचा गोल.

ज्यांच्याशी वाटा वेगळ्या झाल्या त्या सगळ्यांना एका मंचावर आणता येणं ही बँडच्या व्यवस्थापनातली फार मोठी गोष्ट आहे. 'द क्वांटम एनिग्मा'पासून तर निर्माता म्हणून योस्ट फान डेन ब्रूक आला, तोही आफ्टर फॉरेव्हरचा जुना कीबोर्डवादक. गाणी आता सगळेच सदस्य लिहू लागले. गाणी इतकी साठायची की २०१६ च्या 'द होलोग्राफिक प्रिन्सिपल'मध्ये न मावलेल्या सहा गाण्यांचा 'द सोलेस सिस्टम' पुढच्या वर्षी वेगळा निघाला. 'होलोग्राफिक'मध्ये मात्र मला जुना धोका पुन्हा दिसतो. खरे ब्रास (पितळी वाद्यं), खरी वुडविंड (बासरी-क्लॅरिनेटसारखी फुंकवाद्यं), भलामोठा समूह, आणि सगळं सतत चालू. सत्तरेक मिनिटांनी कान थकतो. २००३ मध्ये गरिबीने शिकवलेला संयम श्रीमंतीत सुटला. फेब्रुवारी २०२१ च्या 'ओमेगा'मध्ये प्रागच्या वाद्यवृंदासह त्यांनी तो बराच परत मिळवला.

न सुटलेला प्रश्न

दौऱ्यावर ७० माणसं नेता येत नाहीत. प्रवास, निवास, मानधन, सरावाचे दिवस, प्रत्येक वादकासाठी वेगळा मायक्रोफोन आणि गिटारचा आवाज त्यात शिरू नये याची खटपट. तिकिटाचा दर चौपट केला तरी हे बसत नाही. त्यामुळे वर्षातल्या बहुतेक सगळ्या कार्यक्रमांत एपिकाचा वाद्यवृंद आणि समूह आधी मुद्रित केलेल्या ट्रॅकवरून येतो, कून यान्सन कीबोर्डवर त्याला जिवंत हातांची जोड देतो आणि ट्रॅकशी ताल जुळावा म्हणून ड्रमरच्या कानात यंत्राचा ठोका चालू असतो. एकदा गाणं सुरू झालं की ते लांबवता येत नाही, गायिकेला एखादा स्वर आज जास्त धरावासा वाटला तर धरता येत नाही. ऑपेरात संचालक गायिकेच्या श्वासाकडे बघून हात थांबवतो. इथे श्वासाने ठोक्याकडे बघावं लागतं.

सप्टेंबर २०२४ मध्ये ॲमस्टरडॅमच्या आफास लाइव्ह या सभागृहात त्यांनी 'सिंफनिक सिनर्जी' नावाने पुन्हा पूर्ण वाद्यवृंद आणि गायकवृंदासह कार्यक्रम केले. एप्रिल २०२५ मध्ये 'अस्पिरल' आला, आणि त्याच्या दौऱ्यांचं गणित पुन्हा तेच: बँड मंचावर, वाद्यवृंद ट्रॅकवर. ज्यांनी एपिकाला फक्त दौऱ्यात ऐकलं आहे त्यांना मी 'रेट्रोस्पेक्ट' पाहायला सांगतो. 'क्राय फॉर द मून'च्या शेवटी समूह येतो तेव्हा सिमन्स वळून गायकांकडे बघते की नाही, हे महत्त्वाचं नाही. ती बघू शकते, आणि समोरून तिला उत्तर मिळू शकतं, एवढ्यानेच तिचं गाणं बदलतं.